पानाची साक्ष

धुळ्याच्या पांझरा नदीकाठी एका जुन्या घरात एक निवृत्त शिक्षक राहतात. आसपासची सारी मंडळी त्यांना ‘गुरुजी’ म्हणूनच ओळखतात. घराच्या ओसरीवर, जेथे सकाळचे ऊन प्रथम येते तेथे, एक साधे लाकडी टेबल आहे. त्यावर एक सूक्ष्मदर्शक यंत्र, काचपट्ट्यांची पेटी, धार लावलेला वस्तरा आणि बशीत गाजराचे दोन तुकडे नेहमी मांडलेले असतात. शेजारीच, कडा झिजलेला एक जुना पुठ्ठा उभा करून ठेवलेला आहे. त्या पुठ्ठ्यावर एक वाळलेली डहाळी दोऱ्याने टाचलेली असून तिच्याखाली दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. पहिली चिठ्ठी चुकीची आहे. दुसरी बरोबर आहे. घरी येणाऱ्या प्रत्येक मुलाला गुरुजी आधी चुकीची चिठ्ठी वाचावयास लावतात.

गुरुजींचे बालपण जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात गेले. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेला तापीचे पात्र आणि मध्ये काळ्या जमिनीवर केळीच्या बागा, असा तो मुलूख. तेथे पानांवाचून कोणाचेच चालत नसे. केळीच्या पानावर जेवणे होत, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लागत, टेंभुर्णीच्या पानांच्या विड्या वळल्या जात. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होई, आणि केळीच्या पानाचा चीक सदऱ्याला लागला की तो डाग आणि आईचा राग दोन्ही बराच काळ टिकत. आई तर दिव्याच्या मिणमिणत्या उजेडातही केवळ बोटांच्या स्पर्शाने भाजीतले परके पान वेचून बाजूला काढी. परंतु पानाच्या पोटात काही पाहण्यासारखे असते, ही गोष्ट त्या घरात कोणाच्या मनात कधी आली नव्हती.

आता गुरुजींच्या टेबलाभोवती जमणाऱ्या मुलांना मात्र तेच प्रथम दिसते. गुरुजी गाजराचा तुकडा मधोमध चिरतात, त्या फटीत पानाचा लहानसा भाग धरतात आणि गाजरासह त्याच्या पातळ चकत्या वस्तऱ्याने कापतात. बशीतल्या पाण्यावर त्या तरंगू लागल्या की सर्वांत पातळ चकती कुंचल्याने उचलून तांबड्या रंगाच्या थेंबात बुडवितात, काचपट्टीवर ठेवतात आणि वर दुसरी नाजूक काच अलगद सोडतात. मग एकेक मूल यंत्राला डोळा लावते आणि काही क्षण बोलेनासे होते. कागदाहून पातळ वाटणारे पान म्हणजे एक बांधलेले घर असते. वर छपरासारखी पारदर्शक त्वचा. तिच्याखाली दाटीने उभ्या असलेल्या हिरव्या पेशींचे खांब. त्यांखाली मोकळ्या जागा सोडून विखुरलेल्या पेशी, जणू खेळत्या हवेच्या खोल्या. आणि तळाशी पुन्हा त्वचा. त्या त्वचेत असंख्य सूक्ष्म दारे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक दाराला घेवड्याच्या बियांसारख्या दोन रक्षक पेशी असतात. त्या फुगल्या की दार उघडते, सैल पडल्या की मिटते.

“घर सर्वांचेच असते,” गुरुजी म्हणतात, “पण प्रत्येक कुळाची घर बांधण्याची रीत निराळी. ती रीत ओळखता आली, तर घरधनी समोर नसतानाही घर कोणाचे ते सांगता येते.”

मग ते एक एक उदाहरण काढतात. वडाच्या पानाच्या त्वचेत मधूनच एखादी मोठी पेशी आढळते आणि तिच्या आत चुन्याचा एक घोस, द्राक्षांच्या घडासारखा, देठाने टांगलेला दिसतो. कापसाच्या पानावर चांदणीसारखे फाटे फुटलेले केस असतात आणि उजेडाकडे धरले तर काळसर ठिपके दिसतात. त्या असतात ग्रंथी. लिंबाच्या पानात तेलाच्या पोकळ्या असतात. म्हणूनच ते चुरगळताच वास सुटतो. अडुळशाच्या पानाचे प्रत्येक पर्णरंध्र दोन पेशींनी आडवे कवळलेले असते. बाजारात वाळलेल्या अडुळशामध्ये कधी कधी महारुखाची पाने मिसळलेली सापडतात. वाळून चुरा झाल्यावर दोन्ही डोळ्यांना सारखीच भासतात. परंतु महारुखाच्या पानात ती आडवी कवळ नसते, आणि यंत्राखाली हा फरक लपत नाही. खोकल्याने बेजार झालेल्या रोग्याला मिळणारे औषध खरे की खोटे, याचा निकाल अशा वेळी पानाचा एक कण देतो.

एवढे पाहिल्यावर मुलांना वाटू लागते की, पानाला विचारावे आणि उत्तर घ्यावे, इतके हे सोपे आहे. तेव्हा गुरुजी त्यांना ज्वारी आणि गहू या दोहोंच्या पानांचे छेद शेजारी शेजारी दाखवितात. ज्वारीच्या पानात प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचे कडे असते आणि त्याभोवती आणखी एक कडे. जणू शिरेला गजरा घातलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॉटलीब हाबरलांट या शास्त्रज्ञाने या रचनेचे वर्णन करताना ‘क्रांझ’ हा जर्मन शब्द योजिला; त्याचा अर्थ फुलांची माळ असाच आहे. बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानांतही हा गजरा असतो. कडक उन्हात आणि थोड्या पाण्यात अन्न तयार करण्यास ही रचना फार उपयोगी पडते. गव्हाच्या आणि भाताच्या पानांत ती नसते. वस्तुतः ज्वारी आणि गहू ही दोन्ही गवतांच्याच कुळातली. उलट राजगिरा हे गवत नव्हे. त्याचे कूळ अगदी दूरचे. तरीही त्याच्या पानात हा गजरा आहे!

“म्हणजे साम्य दोन प्रकारचे असते,” गुरुजी सांगतात. “एक रक्ताचे आणि दुसरे परिस्थितीचे. भर उन्हात काम करणारे दोन माणूस डोक्याला सारखेच फडके बांधतात. तेवढ्याने ते भाऊ ठरत नाहीत. कण्हेरीची पर्णरंध्रे खोल खड्ड्यांत दडलेली आणि केसांनी झाकलेली असतात. ते आहे उन्हाचे फडके. अडुळशाची आडवी कवळ ही मात्र घराण्याची खूण. यांतला भेद ज्याला कळला नाही, त्याला पान फसविते. पान खोटे बोलत नाही, ऐकणारा चुकतो.”

हे शेवटचे वाक्य बोलताना गुरुजींची नजर त्या जुन्या पुठ्ठ्याकडे जाते.

१९७४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. १९७२ च्या दुष्काळाची आठवण महाराष्ट्रात सर्वत्र ताजी होती. गुरुजी तेव्हा महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकत होते. अभ्यास-सहलीच्या निमित्ताने ते प्रथमच दक्षिण कोकणात, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी गेले. हिवाळा सरताच साग आणि सालई यांची पाने गळून सातपुडा उघडा पडतो, हे ज्याने जन्मभर पाहिले होते, त्या खानदेशी तरुणाला ते सदाहरित रान म्हणजे एक आश्चर्यच वाटले. दुपारीही खाली सावली, पायांखाली ओल, आणि झाडे एवढी उंच की शेंडा पाहताना टोपी पडावी. वेलींनी बांधलेल्या त्या गर्दीत फूल असे दृष्टीस पडेना. कारण फुले होती ती शेंड्यावर, उन्हात. आणि तीही वर्षातील ठरावीक दिवसच. खाली हाती लागत होती ती केवळ पाने. आणि दाट रानातल्या कित्येक झाडांची पाने एकमेकांसारखीच लांबट, चिवट आणि टोकाशी निमुळती असतात. पावसाचे पाणी त्या निमुळत्या टोकावरून लवकर निथळून जाते.

येथेच वनस्पतींच्या वर्गीकरणाची मोठी अडचण आहे. स्वीडनमधील कार्ल लिनियस याने १७३५ साली फुलांतील पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले. पुढे वर्गीकरणाच्या रीती बदलल्या, परंतु फुलाचा मान कायम राहिला. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर १९०१ ते १९०८ या काळात जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही झाडाचे नाव शोधू लागले की ग्रंथ प्रथम फुलाची चौकशी करतो. फूल नसेल तर वाट अर्ध्यावरच थांबते.

त्या रानात एका झऱ्याकाठी, चिखलात मुळे रोवून एक झाड उभे होते. वाटाड्या म्हणून बरोबर आलेल्या म्हाताऱ्या गावकऱ्याने कोयत्याने त्याची एक डहाळी काढून दिली आणि तो म्हणाला, “ह्या झाडाक कोयतो मारल्यार रगात येता.”

तरुण गुरुजी मनाशी हसले. झाडाला रक्त येते, ही समजूत त्यांना भुताखेतांच्या गोष्टींपैकी वाटली. त्यांनी ती वहीत टिपून घेतली नाही. खोडावर एक खाच पाडून पाहण्याचे तर त्यांच्या मनातही आले नाही. त्यांनी पान चुरगळले. मसाल्यासारखा मंद सुवास आला. पान वरून तुकतुकीत आणि खालून फिकट होते. सह्याद्रीत दालचिनीच्या कुळातील झाडे आहेत, हे पुस्तकातून ठाऊक होतेच. परत आल्यावर त्यांनी डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळविली, पुठ्ठ्यावर टाचली आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली : ‘कूळ : दालचिनीचे.’ शंका दर्शविणारे प्रश्नचिन्हही त्यांनी त्यापुढे घातले नाही.

पुढे ते धुळ्यात शिक्षक झाले. वर्षे गेली. वर्गात डहाळ्या दाखविताना ती चिठ्ठी शेकडो मुलांनी वाचली आणि पाठ केली.

१९८९ साली शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात पानांचे छेद घेण्याचे शिकवीत होते. वाळलेले पानही पाण्यात उकळले की पुन्हा फुलते आणि त्याचे छेद घेता येतात, ही गोष्ट गुरुजींना तेथे प्रथम कळली. वर्गात दोन जाडजूड खंड ठेवलेले होते. इंग्लंडमधील क्यू येथील उद्यानाच्या जॉड्रेल प्रयोगशाळेतील मेटकाफ आणि त्यांचे सहकारी चॉक यांनी ते १९५० साली प्रसिद्ध केले होते. त्यापूर्वी १८९९ साली जर्मनीत सोलेरेडर यांनीही तशाच कामाचा पाया घातला होता. कोणत्या कुळाच्या पानात कोणत्या पेशी, कोणते केस, कोणते स्फटिक आढळतात, याची ती जणू वंशावळीच होती. घरी परत येताच गुरुजींनी आपल्या डहाळीचे एक पान सोडविले, पाण्यात उकळले आणि वस्तरा हाती घेतला.

पहिली खूण दिसली ती तेलाच्या पेशींची. दालचिनीच्या कुळात त्या असतात. गुरुजींना समाधान वाटले. दुसरी खूण पर्णरंध्रांची : प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना, त्याला समांतर अशा दोन पेशी. दालचिनीच्या कुळात हेही असते. परंतु ग्रंथात पुढे म्हटले होते की, या दोन्ही खुणा जायफळाच्या कुळातही आढळतात. मग दोहोंत भेद तो कोणता? केसांचा. दालचिनीच्या कुळात केस एकाच पेशीचा, साधा आणि सरळ असतो. जायफळाच्या कुळात तो अनेक पेशींचा असून त्याला फांद्यांसारखे फाटे फुटलेले असतात.

गुरुजींनी पानाच्या खालच्या बाजूची त्वचा खरवडून काचपट्टीवर घेतली आणि यंत्राला डोळा लावला. शिरेलगत, पंधरा वर्षे कागदात दबून राहिलेला एक केस उभा होता. त्याला फाटे होते.

त्यांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सर्वांना फाटे होते. झाड दालचिनीचे नव्हते; ते रानजायफळाच्या कुळातले होते. त्याच क्षणी त्यांना तो म्हातारा आठवला. जायफळाच्या कुळातील झाडांच्या सालीला खाच पाडली असता लालभडक रस पाझरतो, हे त्याच ग्रंथांवरील चर्चेत त्यांनी ऐकले होते. म्हाताऱ्याने ऐकीव गोष्ट सांगितली नव्हती. त्याने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले होते. झाडाची सर्वांत सोपी खूण त्याने एका वाक्यात हाती ठेवली होती, आणि ती शिकलेल्या तरुणाने फेकून दिली होती.

पुढच्या सुट्टीत गुरुजी पुन्हा दक्षिण कोकणात गेले. वाट पुष्कळ बदललेली होती. झरा सापडला, परंतु त्याचे पाणी पाटाने वळविलेले होते आणि काठावर सुपारीची रोपे लावलेली होती. चिखलात उभे असलेले ते झाड तेथे नव्हते. म्हातारा वारल्याला काही वर्षे झाली होती. त्याच्या मुलाने गुरुजींना चहा दिला, गूळ दिला आणि सारी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. मग तो एवढेच म्हणाला की, ज्या झाडाचे नावच कोणाला ठाऊक नव्हते, ते तोडताना विचारायचे तरी कोणाला?

आपली चिठ्ठी बरोबर असती तर ते झाड वाचले असते, असे गुरुजी कधीही म्हणत नाहीत. धुळ्यातील एका पुठ्ठ्यावरची चिठ्ठी कोकणातल्या कुऱ्हाडीला अडवू शकत नाही, हे त्यांना समजते. परंतु ज्या झाडांना दलदल लागते अशी रानजायफळे दुर्मिळ आहेत. त्यांची नोंद दालचिनीत झाली की ती नाहीशी झाली तरी कोणाच्या हिशेबात येत नाही, हेही त्यांना समजते. चुकीचे नाव हे नाव नसण्यापेक्षा वाईट. कारण नाव नसले तर शोध चालू राहतो, आणि चुकीचे नाव मिळाले की शोध थांबतो.

सुदैवाने सारीच गोष्ट दुःखाची नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळांची एक दलदल देवराईच्या रूपाने टिकून राहिली. गावकऱ्यांना तिच्यातील झाडांची शास्त्रीय नावे ठाऊक नव्हती. त्यांनी ती श्रद्धेने राखली. अभ्यासकांनी तिचे महत्त्व ओळखले आणि २०२१ साली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. त्याआधी एक वर्ष, म्हणजे २०२० साली, तोच मान जळगावजवळच्या लांडोरखोरीच्या वनालाही मिळाला होता. ही दोन नावे गुरुजी नेहमी एकत्र घेतात. एक रान भिजलेले, दुसरे कोरडे; पण राखण दोघांनाही हवी, असे ते म्हणतात.

पुठ्ठ्यावरची पहिली चिठ्ठी गुरुजींनी फाडून टाकली नाही. वनस्पतींच्या संग्रहात तशी रीतच आहे. जुने नाव चुकीचे ठरले तरी ते काढीत नाहीत. नवी चिठ्ठी तिच्याशेजारी लावतात आणि ती कोणी, केव्हा लावली ते लिहितात. पुण्यातील वनस्पती सर्वेक्षण विभागाच्या संग्रहात किंवा जगातल्या कोणत्याही मोठ्या संग्रहात अशा एकाखाली एक लावलेल्या चिठ्ठ्या पाहावयास मिळतात. ज्ञान कसे चुकत आणि सुधारत गेले, याची ती रोजनिशीच असते. गुरुजींच्या दुसऱ्या चिठ्ठीवर कुळाचे खरे नाव आहे, १९८९ हे साल आहे, आणि खाली एक ओळ आहे : ‘खोडास खाच पाडल्यास लाल रस येतो. माहिती देणारे : गावातील वाटाडे.’

गेल्या पावसाळ्यानंतर शेजारची दोन मुले लळिंगच्या किल्ल्याच्या बाजूने फिरून आली. त्यांनी एका झुडपाची डहाळी आणली होती. फूल नव्हते, फळ नव्हते. मोठ्या मुलाने पान हातात घेऊन एक नाव धाडकन सांगितले. धाकटी बहीण गप्प राहिली. गुरुजींनी दोघांच्याही हाती कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि ते आत पाणी उकळण्यास ठेवावयाला गेले.

परत येऊन पाहतात तो मोठ्याने आपण लिहिलेले नाव खोडलेले होते आणि तो जुन्या पुठ्ठ्याकडे पाहत उभा होता. धाकटीची चिठ्ठी पूर्ण झाली होती. तिने ठिकाण लिहिले होते, तारीख लिहिली होती, ‘मेंढपाळ काका म्हणाले, बकऱ्या याला तोंड लावीत नाहीत’ हेही लिहिले होते. नावाच्या जागी तिने लिहिले होते : ‘अजून कळलेले नाही.’

गुरुजींनी ती चिठ्ठी दोन वेळा वाचली. मग त्यांनी खिडकीपाशी खुर्ची ओढली, गाजराचा ताजा तुकडा चिरला आणि वस्तरा पुसून मुलीच्या हाती दिला.